ओळ समजली नाही, थांबलो

सेटिंगच्या फाइलमध्ये 'हो' कसं लिहायचं, यावर चौघांची त्या आठवड्यातली तिसरी मीटिंग चालू होती, आणि 'नाही'ची पाळी अजून यायची होती.

ऑफिस होतं कॉम्प्युटरच्या पोटातले प्रोग्राम बनवणाऱ्यांचं. मशीन चालू झालं की जे गुपचूप उठून कामाला लागतात आणि बिघडेपर्यंत ज्यांची कुणी आठवणही काढत नाही, असले प्रोग्राम. वेळ बरोबर ठेवणारा एक, नेटवर्क जोडणारा दुसरा, छपाई सांभाळणारा तिसरा, आणि झाकण मिटलं की मशीनला झोपवणारा चौथा. प्रत्येकाची एक सेटिंगची फाइल असायची, साध्या अक्षरांतली, एका ओळीत एक सूचना. आता या चार फायली वाचायला एकच वाचक पुरला असता, त्याला त्यांच्या धंद्यात पार्सर म्हणतात. पण चार भावांच्या चार चुली, तसे यांनी चार वाचक लिहून ठेवले होते, आणि चौघांच्या तऱ्हा चार.

"'ऑन' लिहायचं. पहिल्यापासून सगळे 'ऑन'च लिहितात," नेटवर्कवाली म्हणाली.

"सगळे म्हणजे तू," झोपवाला म्हणाला. झोपेचा प्रोग्राम त्याचा असल्याने त्याला हे नाव पडलं होतं, आणि मीटिंगमध्ये तो ते सार्थ करायचा. "आमच्याकडे 'ट्रू' चालतं."

"आमच्याकडे एक आकडा. एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. उगाच पाल्हाळ नाही," छपाईवाला म्हणाला.

चौथे होते घड्याळकाका. वेळेचा प्रोग्राम त्यांनी लिहिला तेव्हा बाकीचे तिघे शाळेत होते. ते म्हणाले, "आमचं 'यस' आहे. पण माझं काही म्हणणं नाही. तुमचं चालू द्या."

म्हणणं नाही असं म्हणणारा माणूस सगळ्यात घट्ट बसलेला असतो, हे ज्याला ठाऊक होतं तो टेबलाच्या टोकाला बसून लिहून घेत होता. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. वय चाळिशीला टेकलेलं, आणि अकरा वर्षं या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून निस्तरण्यात गेलेली. कुणी काही बांधलं की 'पण समजा असं झालं तर?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः बांधलेलं म्हणावं असं एकही काम त्याच्या नावावर नव्हतं, आणि याचं त्याला वाईट वाटायचं. उघड बोलायचा नाही, पण वाटायचं.

आणि आता ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी चौघांत मिळून एक वाचक लिहायचं काम चक्क त्याला दिलं होतं. अट एकच. गुरुवारी दुपारी चार वाजता वरचे साहेब येणार. त्यांना पटलं तर शंकासुराचा वाचक ठेवायचा. नाही पटलं तर बाहेरून तयार आणायचा, आणि शंकासुराने पुन्हा आपला खराटा हातात घ्यायचा.

"चौघांचंही 'हो' म्हणजे 'हो'च धरू," शंकासुर म्हणाला. "ऑन, ट्रू, एक, यस. माझा वाचक सगळं समजून घेईल."

चौघांनीही आपण जिंकलो अशा चेहऱ्याने माना डोलावल्या.

"आणि एकच गोष्ट दोनदा लिहिली असेल तर?" नेटवर्कवालीने विचारलं.

"शेवटी सांगितलेलं खरं. आमच्या घरी हाच नियम आहे."

यावर वाद झाला नाही. सगळे संसारी होते.

"आता शेवटचा मुद्दा," शंकासुर म्हणाला. "वाचकाला एखादी ओळ समजलीच नाही तर काय करायचं?"

"त्यात काय करायचंय? सोडून द्यायची," छपाईवाला म्हणाला. चौघांचेही जुने वाचक तेच करत. न समजलेली ओळ मुकाट गिळायची आणि पुढे जायचं.

इथे शंकासुराचा आवाज चढला. "म्हणजे माणूस काहीतरी सांगतोय, याला ते कळत नाहीये, आणि हा नंदीबैलासारखी मान हलवून पुढे जाणार? नाही. समजलं नाही तर जागच्या जागी थांबायचं आणि तसं सांगायचं."

घड्याळकाकांनी चष्मा पुसला. "बाबा रे, फायली जुन्या आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"काका, चूक असेल तर ती दिसायलाच हवी."

"मी कुठे नको म्हणतोय? दिसू दे की. थांबू नको म्हणतोय."

पण शंकासुराच्या डोक्यात हा बारकावा त्या वेळी शिरला नाही, कारण त्या निर्णयामागे ऑफिस नव्हतं, बायको होती. सोमवारी तिने सहा ओळींची यादी देऊन त्याला दुकानात धाडलं होतं. दूध, अंडी, कपड्यांचा साबण, बल्ब, दोरी, आणि सहावी ओळ 'त्याचं झाकण'. कशाचं झाकण ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याने पाच वस्तू आणल्या आणि सहावीबद्दल अवाक्षर काढलं नाही. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने पिशवी तपासली, यादी तपासली, आणि मग नवऱ्याला तपासलं.

"कळलं नाही तर सांगायचं की नाही? मुकाट सोडून द्यायचं?"

हे वाक्य त्याला इतकं लागलं होतं, की ते त्याने वाचकाच्या आराखड्यात तिसरं कलम म्हणून घातलं.

बुधवारी संध्याकाळी वाचक तयार झाला. शंकासुराने स्वतः लिहिलेल्या कोऱ्या करकरीत फायलींवर तो वीस वेळा चालवून पाहिला, वीसही वेळा पास. ऑफिसचा एक जुना नियम होता. नवं काहीही आधी आपल्याच चाळीस मशीनवर घालायचं, मग गिऱ्हाइकाच्या. स्वयंपाक करणाऱ्याने आधी चाखावं, असं मॅडम म्हणत. त्याप्रमाणे निघता निघता त्याने तो चाळीसही मशीनवर चढवला. सकाळी मशीन चालू झाली की नवा वाचक कामाला लागणार होता. छाती फुगवून तो जिना उतरला.

वाटेत दुकान लागलं. खिशात आजची यादी होती, आणि सहावी ओळ पुन्हा तीच. त्याचं झाकण. शंकासुर यादी हातात धरून पाच मिनिटं उभा राहिला आणि रिकाम्या हाताने घरी आला.

"दूध कुठाय?" बायकोने विचारलं.

"सहावी ओळ समजली नाही. थांबलो."

"मग बाकीच्या पाच?"

"म्हटलं ना, थांबलो."

बायको त्याच्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तशी बघत राहिली. "एका झाकणापायी घरात दूध नाही? अरे, एक प्रश्न येत नाही म्हणून अख्खा पेपर कोरा देतं का कुणी? माझी सहावीतली पोरंसुद्धा येणारे पाच सोडवतात आणि सहाव्यासाठी हात वर करतात. आणि तुझ्याकडे तर फोन होता!"

"सोमवारी तूच म्हणालीस, मुकाट सोडायचं नाही."

"मुकाट, म्हणाले! मुकाट!"

गुरुवारी सकाळी शंकासुर दुधाविना चहा पिऊन ऑफिसात पोचला, तर दारातूनच त्याला वेगळी शांतता जाणवली. एकही कीबोर्ड वाजत नव्हता. माणसं उभी होती. जवळजवळ प्रत्येकाच्या पडद्यावर काळोख, आणि काळोखात पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ, खाली ठळक तीन शब्द.

छपाईवाल्याच्या पडद्यावर होतं: 'ओळ १७: हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये. समजली नाही, थांबलो.'

"हे काय आहे?" शंकासुराने विचारलं.

"टीप आहे," छपाईवाला म्हणाला. "माझ्यासाठीच लिहून ठेवली होती."

"टिपेच्या आधी खूण करायची असते ना, म्हणजे वाचक ती वाचायला जात नाही!"

"वाचणारा काही बोलतच नव्हता. मग खूण करत कोण बसतो?"

तिथेच भांडं फुटलं. न समजलेलं मुकाट गिळणारा वाचक म्हणजे ऑफिसला इतकी वर्षं मिळालेली फुकटची वही होती. लोकांनी त्या फायलींत वाट्टेल ते लिहून ठेवलं होतं. झोपवाल्याच्या फाइलमध्ये वाढदिवसांची यादी निघाली, त्यात बायकोच्या वाढदिवसापुढे प्रश्नचिन्ह. नेटवर्कवालीच्या पडद्यासमोर तर ती स्वतःच हात पसरून उभी होती.

"बाजूला व्हा, मला बघू द्या," मागून मॅडमचा आवाज आला.

"नको मॅडम, विशेष काही नाही."

मॅडमनी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'ओळ ९: मॅडमनी हट्टाने घालायला लावलेली सेटिंग खाली आहे. त्या रजेवर गेल्या की काढणे. समजली नाही, थांबलो.'

मॅडमनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मग डोळे उघडून त्या शांतपणे म्हणाल्या, "माझंही मशीन बंद आहे. या."

मॅडमच्या पडद्यावर लिहिलं होतं: 'ओळ ४: रागवण्याआधी दहा मोजणे. समजली नाही, थांबलो.'

कुणीही हसलं नाही. हसण्याची फारच गरज होती, तरी कुणी हसलं नाही.

"साडेदहा झालेत," मॅडम शंकासुराला म्हणाल्या. "चारला साहेब येणार. चाळीस मशीन मेलेली दाखवायची आहेत का त्यांना?"

"प्रत्येकाने आपापल्या टिपा काढून टाकल्या की झालं, मॅडम. आणीबाणीच्या पेनड्राइव्हवरून मशीन उघडायचं, ओळ खोडायची. तासाभरात होईल."

तास गेला, टिपा गेल्या, आणि चाळीसातली सदतीस मशीन पुन्हा थांबली. या वेळी सदतीस पडद्यांवर एकच ओळ होती: 'वेग = जास्तीत जास्त. समजली नाही, थांबलो.'

"ही तर काकांची ओळ!" नेटवर्कवाली ओरडली.

काकांची ओळ त्या ऑफिसात प्रसिद्ध होती. मशीन मंद वाटतंय अशी तक्रार घेऊन कुणी गेलं की काका ती ओळ चिठ्ठीवर लिहून द्यायचे. ती फाइलमध्ये घातली की मशीन पळायला लागतं असा सगळ्यांचा अनुभव होता. नवीन माणूस आला की त्याला आधी ती ओळ मिळायची, मग खुर्ची.

"पण अशी सेटिंगच नाहीये!" शंकासुर म्हणाला. "चारही प्रोग्राममध्ये शोधलं मी. ही ओळ आजपर्यंत कुणी वाचलेलीच नाही."

"काहीतरीच! ती घातल्यापासून माझं मशीन दुप्पट पळतं," छपाईवाला म्हणाला.

"माझंही," मॅडम म्हणाल्या. "ती ओळ काढायची नाही. दुसरं काहीही करा."

आता आली का पंचाईत! ओळ ठेवावी तर मशीन उठत नाही, काढावी तर माणसं उठतात. बारा वाजले होते. शंकासुराला डोळ्यांसमोर तो खराटा दिसू लागला. अकरा वर्षांत एकदा बांधायला मिळालं, आणि पहिल्याच सकाळी अख्खं ऑफिस बंद पाडलं. लोक आता काय म्हणतील यापेक्षा ते काहीच म्हणणार नाहीत, नुसते समजून घेतील, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यातून कीबोर्डची टकटक ऐकू आली. घड्याळकाका निवांत काम करत बसले होते.

"काका, तुमच्यावर नवा वाचक चढला नाही?"

"चढला की. छान आहे. सकाळी पटकन उठलं मशीन."

"मग तुमची ती ओळ?" शंकासुराने वाकून त्यांची फाइल पाहिली. "तुमच्या फाइलमध्ये ती नाहीच आहे!"

"हळू बोल," काका म्हणाले. "नाही आहे."

"मग आम्हाला का दिलीत?"

"तुम्ही रोज उठून यायचात, काका मशीन मंद आहे, काका मशीन मंद आहे. ओळ दिली, यायचे थांबलात. माझं काम खरंच वेगाने व्हायला लागलं." त्यांनी थर्मास उघडला. "चहा घे. चेहरा बघ काय झालाय. सकाळी घेतलास की नाही?"

"घेतला, पण दुधाविना. घरात दूध नव्हतं."

"का?"

"यादीतली एक ओळ कळली नाही म्हणून मी पाच वस्तू न घेताच परत आलो. बायको म्हणाली, येणारे पाच सोडवायचे आणि सहाव्यासाठी..."

शंकासुर बोलता बोलता थांबला. कप हातात, तोंड उघडं. काका उठले आणि त्यांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं ऑफिसने पाहिलं नव्हतं.

बदल म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळींचा होता. न समजलेल्या ओळीपाशी वाचकाने थांबायचं नाही, पण मुकाटही जायचं नाही. कितवी ओळ, काय लिहिलंय, हे मोठ्याने सांगायचं आणि पुढे निघायचं. शंकासुराच्या मनात लगेच 'पण समजा' आलंच. समजा ओळ बरोबर आहे, पण भलत्याच ठिकाणी लिहिली आहे? मग तेही सांगू दे, म्हणून त्याने आणखी चार ओळी घातल्या. या वेळी त्याने स्वतःच्या करकरीत फायली घेतल्या नाहीत. छपाईवाल्याची, झोपवाल्याची, मॅडमची, लोकांच्या खऱ्याखुऱ्या, डाग पडलेल्या फायली घेतल्या. तीन वाजता सगळ्यांच्या मशीनवर पुन्हा काळोख झाला आणि एकेक करून उजेड आला.

"उठलं!" झोपवाला ओरडला. त्याच्या तोंडून हा शब्द प्रथमच ऐकू येत होता.

सदतीसही पडद्यांच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वेग ही सेटिंग माहीत नाही, सोडली, पुढे जातोय.'

"बघ, मंद झालं ना?" छपाईवाला कुरकुरला.

"मला तर नेहमीसारखंच वाटतंय," नेटवर्कवाली म्हणाली, आणि दोघांनी एकाच वेळी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते.

चार वाजता वरचे साहेब आले. शंकासुराने पाच मिनिटं समजावलं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग ते म्हणाले, "तुमच्या मशीनवर तुमचं चालणारच. माझ्यावर चालवून दाखवा." आणि त्यांनी बॅगेतून आपलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. ते इतकं तापलं होतं की मॅडमनी हात पटकन मागे घेतला.

"असंच असतं हे," साहेब म्हणाले. "झाकण मिटलं तरी झोपत नाही. बॅगेत तापत राहतं. तीन वर्षं झाली."

सगळ्यांनी झोपवाल्याकडे पाहिलं. झोपवाला टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधू लागला.

शंकासुराने वाचक चढवला. मशीन बंद झालं, सुरू झालं, आणि कडेला अक्षरं उमटली. 'ओळ १२: झाकण मिटल्यावर झोप = यस. ही सेटिंग छपाईच्या फाइलमध्ये आहे, ती झोपेच्या फाइलमध्ये असते. सोडली, पुढे जातोय.'

शंकासुराने ती ओळ एका फाइलमधून उचलून दुसरीत ठेवली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि झाकण मिटलं. पंखा घरघरला आणि थांबला. साहेबांनी मशीनवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"म्हणजे मी बरोबरच लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले.

"हो साहेब. फक्त भलत्याला सांगितलं होतंत. आणि त्याने तुम्हाला तसं कळवलं नाही."

"तीन वर्षं मी या मशीनला शिव्या देतोय." साहेब उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "बाहेरचं काही आणायचं नाही. हाच ठेवा. आणि ह्यांचं नाव लिहा त्यावर."

मॅडमचे ओठ हलत होते. आनंदातही त्या दहा मोजत असाव्यात.

पाच वाजता गर्दी पांगली. पाठ थोपटून घेऊन शंकासुर आपल्या जागेवर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की या सगळ्या धावपळीत त्याचं स्वतःचं मशीन तेवढं सुरू करायचं राहिलं होतं. त्याने सुधारलेला वाचक त्यावर चढवला आणि बटण दाबलं. टीप वगैरे लिहायची सवय त्याला नव्हती, त्यामुळे तो निर्धास्त होता.

कडेला अक्षरं उमटली. 'ओळ २: वाचक न समजलेल्या ओळी मुकाट सोडतो, हे चूक आहे. याच आठवड्यात नीट करणे. समजली नाही, सोडली, पुढे जातोय.'

शेजारी तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची, तो नोकरीला लागला त्याच्या तिसऱ्या दिवसाची. शंकासुर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. लिहिल्याचं त्याला आठवतही नव्हतं.

मागे काका पिशवी घेऊन उभे होते.

"काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

"तू लागलास तेव्हा सगळ्यांच्या फायली मीच तपासायचो."

"म्हणजे मॅडमना माझं नाव तुम्ही सुचवलंत?"

"दर वर्षी सुचवत होतो. यंदा ऐकलं."

"मग मला कधी बोलला नाहीत ते?"

"सांगून कामं होतात रे, हौस होत नाही. आणि तू लिहिलं होतंस ना, याच आठवड्यात." काकांनी पिशवी खांद्यावर टाकली. "म्हटलं बघू, हा आठवडा संपतो कधी. संपला एकदाचा."

ते गेले. शंकासुराने ती ओळ खोडायला बोट उचललं, मग ठेवलं. तिच्या आधी फक्त खूण केली आणि मशीन मिटलं. ते झोपलं.

वाटेत दुकानात त्याने कालच्या यादीतलं दूध आणि बाकीच्या चार वस्तू घेतल्या. मग फोन लावला.

"पाच घेतल्या. सहावी ओळ समजली नाही. कशाचं झाकण?"



"अरे," बायको म्हणाली, "आता मलाही आठवत नाहीये. ये तू."